भाजी आली, भाकरी कुठंय?

या अंकासाठी आलेल्या पत्रांत एकच सूर पुन्हा पुन्हा ऐकू आला: जेवण छान होतं, पण वाढणाऱ्यांनी वाट लावली. त्यातली पाच पत्रं इथे घेतली आहेत. हॉटेलांची नावं मुद्दाम गाळली आहेत.

प्रश्न : रविवारी रात्री आम्ही सहाजण कोथरूडमधल्या एका महाराष्ट्रीय जेवणाच्या हॉटेलात गेलो. आई-बाबा सत्तरीच्या पुढचे. साडेआठला पोचलो, २० मिनिटं थांबल्यावर दोन टेबलं जोडून जागा मिळाली. पाणी यायला १० मिनिटं, ऑर्डर घ्यायला आणखी १०. मग भरलं वांगं, शेवभाजी, पिठलं असं सगळं एकदम आलं, पण भाकरी आली त्यानंतर २५ मिनिटांनी. तोवर पिठल्यावर साय धरली होती. अख्खा मसूर आलाच नाही. तीनदा विचारलं, तिन्ही वेळा "येतोय". बिलात मात्र तो लागला होता, आणि वर १० टक्के सर्व्हिस चार्ज. चव अशी, की बाबा अजून त्या वांग्याचं नाव काढतात. म्हणून घरात दोन तट पडलेत: तक्रार करावी की जाऊ द्यावं?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : तक्रार जरूर करा. वांगं ज्यानं केलं त्यानं आपलं काम चोख केलं आहे. तुमची तक्रार त्याच्यावर नाहीच. भटारखाना वेगळा, बाहेरचा हॉल वेगळा आणि गल्ला वेगळा. तुमच्या संध्याकाळी या तिन्ही ठिकाणी वेगवेगळ्या चुका झाल्या. त्या वेगळ्या करून सांगितल्यात तर मालकाला दुरुस्त करता येतील. "तुमची सर्व्हिस बेकार आहे" एवढंच म्हटलंत, तर तो "सॉरी सर" म्हणेल आणि पुढच्या रविवारी तेच होईल.

बसल्यानंतर पाणी आणि ऑर्डरीत गेलेल्या २० मिनिटांचं मूळ बहुधा त्या जोडलेल्या टेबलांत आहे. हॉलमध्ये प्रत्येक वेटरला चार-पाच टेबलं वाटून दिलेली असतात. सात नंबर एकाकडे, आठ नंबर दुसऱ्याकडे. दोन्ही जोडली की सातवाल्याला वाटतं आठवाला बघेल, आणि आठवाल्याला वाटतं सातवाला. दोघंही कामचुकार नसतात, तरी तुम्हाला पाणी मिळत नाही. जोडून दिलेल्या टेबलावर बसताना कॅप्टनला, म्हणजे वेटरांच्या मुख्याला, तिथल्या तिथे विचारा, "हे टेबल कुणाकडे?" त्या मुलाचं नाव विचारून घ्या आणि पुढे त्यालाच हाक मारा.

भाकरीचं गणित निराळं. वांग्याचा मसाला, शेवभाजीचा रस्सा तयार असतो, गरम करून वाटीत काढायला पाच-सहा मिनिटं पुरतात. भाकरीचं तसं नाही. ज्वारी-बाजरीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, गरम पाण्यात मळलेला गोळा लगेच थापावा लागतो, नाहीतर कडेनं चिरा पडतात. करून ठेवलेली भाकरी वातड होते. म्हणून चांगल्या ठिकाणी ती ऑर्डर आल्यावरच थापतात. थापणं, तव्यावर टाकणं, पाणी फिरवणं, उलटणं, फुलवणं, सगळं धरून एकीला तीनेक मिनिटं. दोन तवे चालू असले तरी बारा भाकऱ्यांना १८ ते २० मिनिटं लागणारच, तेही पुढे रांग नसेल तर. रविवारी नऊ वाजता ती असतेच. तेव्हा २५ मिनिटांबद्दल थापणाऱ्या बाईंना बोल लावू नका. चूक आहे ती भाकरीच्या आधी भाज्या काढणाऱ्याची. ऑर्डर देताना एवढंच सांगा: "भाकरी आत्ताच लावा. पहिल्या सहा झाल्या की मगच भाज्या काढा." दुसरी खेप मागायची ती पहिली भाकरी अर्धी संपल्यावर, ताट रिकामं होण्याची वाट बघू नका. घरातल्या मोठ्यांना वाट बघवत नसेल तर त्यांच्यासाठी आधी वरणभात मागवा. भात तयार असतो, पाच मिनिटांत येतो.

आता मसूर. कॅप्टन ऑर्डर लिहितो किंवा टॅबवर टाकतो, तेव्हा आत एक चिठ्ठी निघते. तिला सगळे केओटी म्हणतात. बिल याच केओटीवरून बनतं, टेबलावर काय पोचलं त्यावरून नाही. त्यामुळे चिठ्ठी हरवली, पदार्थ दुसऱ्या टेबलावर गेला किंवा मसूर संपला आणि बाहेर कुणी सांगितलंच नाही, तरी बिलात तो लागणार. "येतोय" म्हणणारा मुलगा बहुतेकदा आत जाऊन आलेलाच नसतो. दुसऱ्यांदा विचाराल तेव्हा प्रश्न बदला: "केओटी लागलीय का, बघून सांगा." तिसरी वेळ आली की पदार्थ रद्द करायला सांगा, आणि तो केओटीतून काढला का हे कॅप्टनकडूनच ऐका. नुसतं "नको आता" म्हटलंत की पदार्थ येत नाही, पैसे मात्र लागतात.

तुमच्या बिलाची प्रत पत्राबरोबर होती, म्हणून हिशेब मांडतो. पदार्थांचे ३,२४० रुपये, त्यात मसुराचे २४०. त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज ३२४. झाले ३,५६४. या आकड्यावर ५ टक्के जीएसटी १७८ रुपये २० पैसे. एकूण ३,७४२. सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही (का, ते पुढच्या उत्तरात), म्हणून तो आणि मसूर वगळून व्हायला हवे होते ३,००० आणि जीएसटीचे १५०, म्हणजे ३,१५०. तुमच्याकडून ५९२ रुपये जास्त घेतले. सर्व्हिस चार्जवरसुद्धा जीएसटी लावला आहे, हे नजरेतून सुटतं. बिल हातात आलं की पैसे देण्याआधी दोन मिनिटं काढा. एकानं ओळी वाचायच्या, बाकीच्यांनी "आलं" किंवा "नाही आलं" म्हणायचं.

चूक त्याच वेळी गल्ल्यावर सांगितली तर बिल तिथल्या तिथे बदलतं. रात्री दिवसाचा हिशेब बंद झाल्यावर मॅनेजरला जुनं बिल सहज बदलता येत नाही, मालकाची परवानगी लागते. तुमचं ते टळून गेलं आहे, तर आता फोन करा, पण दुपारी चार ते सहाच्या मधे. जेवणाची एक पाळी आटोपलेली आणि दुसरी सुरू व्हायची असते, मालक निवांत सापडतो. बिल नंबर, टेबल नंबर, तारीख आणि बिलावर छापलेली वेळ समोर ठेवा. बोलणं एवढंच: "जेवण उत्तम होतं. मसूर आला नाही, त्याचे पैसे लागलेत. सर्व्हिस चार्ज आम्ही मान्य केला नव्हता. दोन्हीचे मिळून ५९२ रुपये परत हवेत." पुढच्या वेळचं फुकट गोड किंवा कूपन देऊ केलं तर ते घेऊन विषय मिटवू नका. पैसे तुमचे आहेत, ते यूपीआयवर परत मिळू शकतात. टेबलं जोडण्याची आणि भाकरीची गोष्ट त्यानंतर सांगा. ती ऐकून घेणारा मालक असेल तर बाबांना घेऊन पुन्हा जा, पण सव्वासातला, आणि आदल्या दिवशी फोन करून सहा जणांचं सलग टेबल मागून.

प्रश्न : विमाननगरमधल्या एका रेस्टॉरंटमध्ये सर्व्हिस चार्ज काढा म्हटलं तर मॅनेजरनं मेनूकार्डाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेली ओळ दाखवली. "कार्डावर लिहिलंय, तुम्ही वाचून बसलात, म्हणजे द्यावाच लागेल." हे बरोबर आहे का? आणि पाण्याच्या बाटलीचे छापलेल्या किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले, ते चालतं का?
– एक नोकरदार वाचक, विमाननगर

उत्तर : बरोबर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यानुसार हॉटेल किंवा रेस्टॉरंटला सर्व्हिस चार्ज आपणहून बिलात लावता येत नाही, दुसऱ्या नावानं घेता येत नाही, तो दिला नाही म्हणून आत येण्यापासून अडवता येत नाही, आणि पदार्थांच्या रकमेत मिळवून त्यावर जीएसटीही लावता येत नाही. द्यायचा की नाही ही ग्राहकाची मर्जी, आणि हे ग्राहकाला स्पष्ट सांगणं हॉटेलचं काम. रेस्टॉरंटांच्या संघटना याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या होत्या. २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयानं त्यांच्या याचिका फेटाळल्या आणि ही तत्त्वं कायम ठेवली. कार्डावर छापल्यानं सक्ती कायदेशीर होत नाही.

वाद न घालता करायचं ते असं. "सर्व्हिस चार्ज काढून नवं बिल द्या" म्हणा. बहुतेक ठिकाणी काढतात, कारण त्यांनाही नियम माहीत असतो. नाहीच म्हणाले तर तिथूनच १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा. मराठीत बोलता येतं. रात्री उशीर झाला असेल तर पैसे द्या, बिलावर "सर्व्हिस चार्ज मान्य नाही" असं लिहून फोटो काढा आणि दुसऱ्या दिवशी तक्रार नोंदवा. त्यापुढची पायरी म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी फी नाही, वकील लागत नाही, ऑनलाइन दाखल करता येते आणि मुदत दोन वर्षांची आहे. नुसत्या उशिरासाठी आयोगाची पायरी चढू नका, ते सिद्ध करणं कठीण. न आलेल्या पदार्थाचे पैसे किंवा सक्तीचा चार्ज याचा मात्र पुरावा बिलावरच असतो.

बिल हातात आहे तोवर आणखी दोन गोष्टी पाहा. अन्न परवान्याचा १४ आकडी नंबर बिलावर असायलाच हवा, १ जानेवारी २०२२ पासून ते बंधनकारक आहे. आणि बिलावर कंपोझिशन योजनेचा (लहान व्यावसायिकांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेचा) उल्लेख असेल तर त्या हॉटेलला ग्राहकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही. लहान हॉटेलांत ही चूक होते.

पाण्याबद्दलही तुम्ही विचारलंय. बाटलीवर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त पैसे घेण्यावर मात्र तक्रार टिकणार नाही. बसून खाण्याच्या ठिकाणी पाणी हे सेवेचा भाग म्हणून दिलं जातं, म्हणून सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये हॉटेलांच्या बाजूनं निकाल दिला. "बाटली की साधं?" असं विचारल्यावर गडबडीत मान डोलावू नका, साधं मागा.

वेटरला खूश होऊन काही द्यायचं असेल तर रोख त्याच्या हातात द्या. क्यूआरवर जास्तीची रक्कम टाकलीत की ती मालकाच्या खात्यात जाते.

प्रश्न : थाळीच्या ठिकाणी आमचं जेवण चालू असतानाच पुढची माणसं खुर्चीमागे येऊन उभी राहतात. वाढपीसुद्धा मग गोड लवकर उरकतात. याला इलाज?
– एक वाचक, सहकारनगर

उत्तर : वेळ बदला. रविवारी दुपारी बारा ते साडेबारा ही थाळीची सर्वांत चांगली वेळ: पहिला घाणा, गरम पुरी, आणि वाढपीही ताजेतवाने. दीड वाजता रांग भरात असते. मागे उभं राहणाऱ्यांशी भांडू नका, त्यांना कुणी बसायची जागाच दिलेली नसते. मॅनेजरला हाक मारून "यांना बाहेर थांबवा, आम्हाला १५ मिनिटं लागतील" असं सांगा. एक लक्षात घ्या, वाढपी ताटातल्या वाट्या बघून फिरतो. वाटी रिकामी ठेवलीत तर तो थांबतो, आडवा हात केलात तर पुढे जातो, आणि ताटातच हात धुतलेत तर जेवण संपलं असं धरून टेबल पुसायला घेतो.

प्रश्न : सिंहगड रस्त्यावर माझं छोटं हॉटेल आहे. १४ टेबलं, ५६ खुर्च्या. चवीबद्दल एक शब्द वाईट ऐकू येत नाही, पण सर्व्हिसबद्दल रोज ऐकून घेतो. तीन वेटरांचे पाच केले, तरी शनिवार-रविवार तेच. काय चुकतंय?
– एक हॉटेलमालक

उत्तर : ग्राहकांच्या पत्रांच्या ढिगात तुमचं पत्र आलं याचा आनंद झाला. पाच वेटर १४ टेबलांना पुरेसे आहेत. माणसं वाढवून फरक पडला नाही, याचाच अर्थ तुंबतंय दुसरीकडे. कुठे, ते आधी मोजा. शुक्रवार, शनिवार, रविवार या तीन रात्री प्रत्येक टेबलाच्या केओटीच्या पाठीवर पाच गोष्टींची वेळ लिहायची: बसले कधी, ऑर्डर कधी घेतली, पहिला पदार्थ कधी पोचला, शेवटचा कधी, आणि बिल मागितल्यावर किती वेळानं दिलं. सोमवारी चिठ्ठ्या पसरून बघा. सर्वांत मोठी पोकळी ज्या दोन वेळांमध्ये दिसेल तिथे तुमचा घोळ आहे.

बसणं आणि ऑर्डर यांत वेळ जात असेल तर टेबलांची वाटणी चुकली आहे. जोडलेलं टेबल पूर्णपणे एकाच्याच नावावर करा, आणि ते फळ्यावर लिहा.

ऑर्डर आणि पहिला पदार्थ यांत जात असेल तर तुम्ही सगळ्यांना एकदम बसवताय. सव्वाआठला दहा टेबलं भरली की साडेआठला दहा केओटी एकावर एक आत पडतात, आणि त्यानंतर पाच वेटर असोत की पंधरा, तवे तेवढेच. टेबलं रिकामी दिसत असली तरी एका वेळी दोन टेबलं बसवा, मग पाच मिनिटं थांबा. बाहेर थांबलेल्यांना पाणी आणि मेनूकार्ड द्या, त्यांची भाकरीची ऑर्डर तिथेच घ्या. लोकांना बाहेर दहा मिनिटं जास्त थांबणं चालतं. आत बसून रिकाम्या ताटाकडे बघत बसणं चालत नाही.

पार्सलच्या ऑर्डरींचाही इथेच विचार करा. अ‍ॅपवरची ऑर्डर त्याच तव्यावर येते, आणि ती बाहेरच्या कुणाला दिसत नाही. साडेआठ ते दहा या वेळात अ‍ॅपवर तयारीचा वेळ वाढवून ठेवा, फारच गर्दी झाली तर तेवढा वेळ ऑर्डर बंद करा. डिलिव्हरीच्या मुलांना गल्ल्यापासून दूर वेगळी खिडकी द्या. एरवी ती मुलं गल्ल्याभोवती उभी राहतात आणि बिल मागणारा ग्राहक तुम्हाला दिसतच नाही.

पहिला आणि शेवटचा पदार्थ यांत वेळ जात असेल तर आतून पदार्थ निघतात त्या कट्ट्यावर माणूस नाही. नव्या दोन वेटरांपैकी एकाला टेबलं देऊच नका. त्यानं कट्ट्यावर उभं राहायचं, केओटी लावून घ्यायच्या, टेबलाचं सगळं जमलं की हाक द्यायची आणि ताटं पोचवायची. ज्याच्या हाताला जे लागलं ते त्यानं उचललं, की एका टेबलावर भाज्या येतात आणि दुसऱ्यावर भाकऱ्या. संपलेल्या पदार्थांसाठी कट्ट्याशेजारी खडूचा फळा लावा. सात वाजता एकदा आणि नऊ वाजता एकदा आचाऱ्यानं त्यावर लिहायचं. ऑर्डर घेण्याआधी तो फळा बघणं हे कॅप्टनचं काम.

"येतोय" हा शब्द हॉटेलातून काढून टाका. त्याऐवजी "तुमच्या आधी तीन टेबलं आहेत, भाकरीला आठ मिनिटं" असं सांगायला शिकवा. असं उत्तर द्यायचं तर मुलाला आत जाऊन बघावंच लागतं, आणि ग्राहकालाही वाट बघणं सोपं जातं. बिल छापण्याआधी कॅप्टननं केओटीवर पोचलेल्या पदार्थांच्या खुणा करायच्या. खूण नाही तो पदार्थ बिलात नाही. कोथरूडचं पत्र वरती आहे, ते एकदा वाचा. एका मसुरानं तिथल्या वांग्याचं सगळं श्रेय घालवलं.

आणि मुलांकडे बघा. सकाळी दहा ते चार आणि परत सात ते बारा उभा राहणारा मुलगा रात्री दहाला हसून बोलेल ही अपेक्षा चुकीची आहे. त्यांचं जेवण सहा वाजता, बसून झालं पाहिजे, ग्राहक गेल्यावर साडेअकराला नव्हे. आठवड्याची सुट्टी बुडवू नका. टिप रोज रात्री वाटा, भांडी घासणाऱ्यालाही वाटा द्या, यूपीआयवर आलेली टिपसुद्धा त्यात धरा. नवा मुलगा आला की पहिल्या दिवशी त्याला सगळे पदार्थ खायला घाला. ज्यानं तुमचा खरडा चाखलाच नाही, तो "फार तिखट आहे का?" या प्रश्नाला काय उत्तर देणार? आचारी वर्षानुवर्षं टिकतो आणि वेटर दर महिन्याला बदलतो, अशा हॉटेलात चव चांगली आणि सर्व्हिस वाईट हेच होणार. तुमच्याकडे वेटर किती दिवस टिकतात, ते पत्रात लिहिलेलं नाही.

प्रश्न : माझ्या बहिणीनं एका हॉटेलबद्दल नेटवर एक तारा देऊन "चोर आहेत, शिळं खायला घालतात" असं लिहिलं. मालकाचा फोन आला, बदनामीची केस करतो म्हणाला. ती घाबरली आहे. खरं तर जेवण चांगलं होतं, राग वेटरच्या उर्मटपणाचा होता.
– एक वाचक, औंध

उत्तर : मग तिनं ते आधी बदलावं, आणि फोन आला म्हणून नव्हे, तर लिहिलं ते खरं नाही म्हणून. "मला सर्व्हिस आवडली नाही" हे मत झालं, ते मांडायचा तिला पूर्ण हक्क आहे. "चोर" आणि "शिळं" हे आरोप आहेत, आणि ते सिद्ध करायची वेळ आली तर तिच्याकडे काही नाही. भारतीय न्याय संहितेच्या ३५६व्या कलमात बदनामी हा गुन्हा आहे. पदार्थ खरोखरच खराब निघाला तर फोटो, बिल आणि वेळ ठेवून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करायची. तारे देऊन ते काम होत नाही.

चांगला अभिप्राय कसा असतो, ते कोथरूडच्या पत्रावरूनच लिहून दाखवतो: "रविवारी रात्री ८.५०ला बसलो. ऑर्डर ९.१०ला घेतली. भाज्या ९.३०ला आल्या, भाकरी ९.५५ला. अख्खा मसूर आला नाही, तरी बिलात लागला. वांगं आणि पिठलं उत्तम, पुण्यात इतकं चांगलं क्वचित खाल्लं. सहाजण असाल तर जोडलेली टेबलं घेऊ नका." यात शिवी नाही, तरी मालकाला झोंबेल असं आणि वाचणाऱ्याला उपयोगी पडेल असं सगळं आहे. वेटरचं नाव, त्याचा फोटो, त्याच्या दिसण्या-बोलण्यावर काही लिहू नये. त्या मुलाची नोकरी जाते आणि टेबलांची वाटणी होती तशीच राहते. उर्मटपणाबद्दल लिहायचं असेल तर तो नेमका काय म्हणाला ते शब्द लिहावेत, विशेषणं नकोत.

मालकानं पुढे पैसे परत केले किंवा माफी मागितली, तर त्याच अभिप्रायाखाली तारीख घालून तेही लिहावं. जुना मजकूर पुसायची गरज नाही.